बादलीभर खडी

लोखंडी शेगडी निवताना टण् करून वाजली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की फोन खाली ठेवल्यापासून माझा नवरा लाइल शेगडीत लाकूड घालायचंही विसरलाय. स्वयंपाकघरात आम्ही सगळेच होतो. मी, माझ्या मांडीवर झोपलेलं बाळ, समोर सासूबाई वर्ना, आणि टेबलाखाली आमची ओपल, जी चार वर्षांची आहे आणि टेबलाखाली राहते.

"अंत्यविधीवाला पेल्टियर नाही म्हणतोय," लाइल म्हणाला. "शववाहिका खाली टपालपेटीपर्यंत आणीन म्हणाला. त्याच्या पुढे नाही."

वर्नांनी कॉफी ढवळली. "टपालपेटीपर्यंत टपालवालाही येतो," त्या म्हणाल्या.

माझे सासरे मेरिट, ओपलचे ग्रॅम्प, जानेवारीत गेले. आमच्या डोंगरात जानेवारीत जाणं म्हणजे वाट बघत पडणं. जमीन अशी गोठलेली असते की कुदळ उलटी उडून कपाळावर यायची. म्हणून हिवाळ्यात गेलेल्यांना गावच्या दफनभूमीलगत एका दगडी कोठीत ठेवतात आणि जमीन सैल झाली की पुरतात. जाता-येता लोक गाडीतून कोठीकडे बघून हात करतात. मेरिटच्या सोबतीला कोठीत शाळेतल्या जुन्या बाई होत्या, त्यामुळे वर्नांना तशी काळजी नव्हती. बाई मेरिटना शिकवायला होत्या आणि त्यांना गप्प कसं बसवायचं ते बाईंना ठाऊक होतं. मेच्या अखेरीला युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन असतो, झेंडे लागतात, बँड वाजतो, आणि त्याच्या आत कोठी रिकामी करायची हा गावचा रिवाज आहे.

मेरिटची जागा ठरलेली होती, घरामागच्या टेकडीवर दोन मेपलच्या झाडांखाली, त्यांच्या आईवडिलांशेजारी. अडचण टेकडीची नव्हतीच. अडचण होती ती रस्त्यापासून आमच्या दारापर्यंतच्या गाडीवाटेची.

बर्फ वितळायला लागला की ती वाट राहत नाही, तो एक पदार्थ होतो. मेरिटची गाडी त्यात दर वर्षी रुतायची आणि दर वर्षी शेजारचा क्लेटन ट्रॅक्टर घेऊन यायचा, साखळी अडकवायचा आणि त्यांना ओढत घरापर्यंत आणायचा. क्लेटन उंच सीटवर, मागे मेरिट गाडीत, दोन्ही हात चाकावर, स्वतः चालवत असल्यासारखा चेहरा करून. वर पोचल्यावर क्लेटन विचारायचा, "प्रवास सुखाचा झाला ना, मेरिट?" हे सगळं माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

तर इस्पितळात शेवटच्या आठवड्यात मेरिट लाइलला म्हणाले, "मी वर टेकडीवर जाणार. पण क्लेटनच्या साखळीने नाही. एकदा तरी माझ्या वाटेने माझा मी जाणार." या माणसाने उभ्या आयुष्यात इच्छा म्हणून काही सांगितली नव्हती. वाढदिवसाला कुठला पाय भाजू, सफरचंदाचा की भोपळ्याचा, विचारलं तर "गोल" म्हणायचे. त्यामुळे ते वाक्य लाइलच्या डोक्यावर जे बसलं ते उठेना.

आणि जमलं नाही तर? तर गावच्या दफनभूमीत एकच जागा आमच्या नावावर होती, वर्नांच्या पहिल्या नवऱ्याच्या, अर्लच्या शेजारची, दोन माणसांपुरती. अर्ल फार तरुणपणी गेला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या दगडावर वर्नांचंही नाव कोरून ठेवलंय, पुढची तारीख तेवढी मोकळी. मेरिटना तिथे ठेवायचं म्हटल्यावर वर्ना म्हणाल्या, "म्हणजे कधी ना कधी मी दोघांच्या मधे. नको. मला झोपायचंय."

लाइलने ठरवलं की गाडीवाट नव्याने बांधायची. नीट. खाली कापड घालून.

मेरिटचा कापडावर विश्वास नव्हता. दर वसंतात ते ट्रकभर खडी आणून चिखलात ओतायचे आणि पुढच्या वसंतात ती खडी नसायची. चिखल ती खायचा. लाइल सांगायचा, बाबा, खाली कापड अंथरा, पाणी खाली जातं पण खडी वर राहते, चिखल वर येत नाही. मेरिट म्हणायचे, "आज वाटेला कापड, उद्या मोजे घालाल."

कापड मार्चमध्येच आलं. काळं, जाड, आणि त्याची गुंडाळी आमच्या गाडीपेक्षा लांब. बाहेर ठेवायची सोय नव्हती, कारण उन्हाने हे कापड विरतं असं लाइलने कुठेतरी ऐकलं होतं. कोठारात ठेवायची सोय नव्हती, कारण कोठारात मेरिटनी जमवलेलं सगळं होतं आणि मेरिटनी सगळंच जमवलेलं होतं. म्हणून गुंडाळी घरात आली. तिचं एक टोक स्वयंपाकघरात, बाकीची बोळातून जाऊन दुसरं टोक आमच्या बिछान्याशी. दोन महिने आमच्या खोलीचं दार लागलं नाही. वर्ना सकाळची कॉफी तिच्यावर बसून घ्यायच्या. ओपलने तिला पांघरूण घातलं, कारण तिच्या मते ती आजारी होती. आणि आमचं बाळ आयुष्यात पहिल्यांदा उभं राहिलं ते त्या गुंडाळीला धरून. मी हातातलं धुणं तसंच टाकून बघत राहिले. गुडघे लटपटत होते, पण दोन्ही तळवे काळ्या कापडावर घट्ट.

एप्रिल संपता संपता लाइलने खोदायचं यंत्र भाड्याने आणलं. वरचा चिखल काढून टाकायचा, घट्ट जमीन लागली की थांबायचं, एवढंच काम. यंत्र दुपारपर्यंत रुतलं. क्लेटनला कुणी बोलावलं नव्हतं, पण रुतण्याचा आवाज त्याला बहुतेक घरी ऐकू येतो. तो साखळी घेऊन आला, यंत्र बाहेर ओढलं आणि म्हणाला, "मेरिटला साखळी नको होती. तुझं काय मत?" लाइलने साखळी सोडवून त्याच्या हातात दिली.

चिखलातून वस्तू निघायला लागल्या. आधीची टपालपेटी. मी सगळीकडे शोधलेलं माझं बीन्सचं भांडं. मेरिटचे रबरी बूट, एकामागून एक, आणि सगळे डावे. उजव्या पायाने ते कसे सुटायचे हे कुणालाच सांगता आलं नाही. वर्नांनी सगळे धुऊन कुंपणाशी ओळीने मांडले. शिस्तीत उभे राहिले ते, जणू एकाच पायाची माणसं कशाची तरी वाट बघतायत.

आणि मग यंत्राचे दात कशावर तरी करकरले. लाइल खाली उतरला, हातांनी चिखल बाजूला केला. खाली खडी होती, मेरिटची, सगळ्या वर्षांची. चांगली दाबून बसलेली, अगदी रस्त्यासारखी, दारापर्यंत.

"म्हणजे बाबांची वाट होतीच," लाइल म्हणाला. "फक्त खाली होती."

वर्ना काठावरून वाकून बघत होत्या. "त्याचं सगळंच असं होतं," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

कापड त्या खडीवर अंथरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते घरातून ओढत काढलं, जोडांवर एकावर एक हातभर घेतलं, खिळे ठोकले. नुसत्या कापडावर गाडी घालायची नाही, नाहीतर फाटतं. लाइलने हे ओपलला सांगितलं आणि ओपलने दिवसभर सगळ्यांना सांगितलं, कोंबड्यांनासुद्धा. संध्याकाळी आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत अशी काळीभोर, गुळगुळीत पट्टी पसरली होती की तिच्यावरून कुणी चालत नव्हतं आणि आम्ही सगळे तिच्या कडेने चिखलातून जात होतो.

लाइलने खडीसाठी फोन केला. खाणवाला म्हणाला, ट्रक येणार नाही. रस्त्यावर पाटी आहे.

चिखलाच्या दिवसांत गावच्या कच्च्या रस्त्यांवर जड गाड्यांना बंदी असते आणि तशा नारिंगी पाट्या झाडांना ठोकलेल्या असतात. लाइल याच गावात जन्मला, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन महिने त्याच्या डोक्यात कापड होतं. पाट्या साधारण मेच्या मध्याला निघतात. यंदा बर्फ उशिरा पडला, उशिरा गेला, आणि पाट्या जूनपर्यंत राहणार होत्या. जमीन खोदता यायला लागली की रस्ते मऊ, आणि रस्ते घट्ट होईतो कोठी रिकामी करायची वेळ टळलेली, असा तो हिशेब होता. त्यात कुणाचीच चूक नव्हती, म्हणून कुणावर ओरडताही येत नव्हतं.

पाट्या ठोकणारा क्लेटन. गावच्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे आहे. लाइल त्याच्या अंगणात गेला, मी बाळाला घेऊन मागे. क्लेटनने सगळं ऐकलं, टोपी मागे सारली.

"मागे एका लाकडाच्या ट्रकसाठी मी एक दिवस पाटी काढली होती," तो म्हणाला. "तेव्हा तुझा बाप घरून खुर्ची आणून रस्त्यात बसला होता, लाइल. जेवणही तिथेच केलं त्याने. आता त्याच्याचसाठी काढू?"

आम्ही परत आलो.

आता कापड उन्हात. आणि मेमध्ये आमच्याकडे ऊन पडतं तेव्हा साऱ्या हिवाळ्याचं उट्टं काढतं. लाइल दर तासाला बाहेर जाऊन कापडावरून हात फिरवायचा, ताप बघावा तसा. दुसऱ्या दिवशी त्याने कोठारातली ताडपत्री आणून पसरली. पुरली नाही. मग गालिचे. मग चादरी, गोधड्या, टेबलावरचं कापड, न्हाणीचा पडदा. बाळाचं दुपटं मागायला आला तेव्हा मी नुसतं बघितलं, आणि तो गेला. वाऱ्याने हे सगळं उडू नये म्हणून कडेकडेने वजनं ठेवायला हवी होती, ती कोठारातून आली. मेरिटचे कंदील, इस्त्र्या, रेडिओ, सायकलची चाकं, मोडक्या-धडक्या खुर्च्या, बर्फावरचे बूट, बदकांचे लाकडी पुतळे. रस्त्यापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना ओळीने.

शनिवारी सकाळी पहिली गाडी थांबली.

आमच्या भागात मे महिन्यात गवतावर एक दिवा जरी ठेवलेला दिसला तरी लोक धरून चालतात की घरातलं सामान विकायला काढलंय. एक बाई उतरल्या, कडेकडेने वर आल्या, एक कंदील उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "केवढ्याला?"

मी तोंड उघडलं, विकायला नाही म्हणून. त्याआधी ओसरीवरून वर्नांचा आवाज आला.

"बादलीभर खडी."

बाईंनी वळून बघितलं. "कसली खडी?"

"फोडलेली. टोकदार. खाली पक्क्या रस्त्याला खाण आहे, तिथे मिळेल. गोल आणू नका."

मला वाटलं, बाई हळूच कंदील खाली ठेवतील आणि निघतील. त्या निघाल्या खऱ्या, पण तासाभराने परत आल्या. डिकीत बादली, बादलीत खडी. लाइलने ती रस्त्याच्या टोकाला कापडावर ओतली, दाताळ्याने पसरली. हात लावून बघितला. बाई कंदील घेऊन गेल्या. दुपारी त्यांची बहीण आली.

रविवारी चर्च सुटल्यावर गाड्यांची रांग खालच्या वळणापर्यंत गेली. प्रत्येकाच्या डिकीत बादल्या, कुणाच्या पिकअपमध्ये अर्धा हौदा. क्लेटन रांगेच्या कडेने चालत टायर बघत आला. आमच्या फाटकाशी उभा राहिला आणि बराच वेळ पाटीकडे बघत राहिला, जी त्याने स्वतः लिहिली होती.

"ट्रकला बंदी आहे," तो म्हणाला. "बादलीला नाही." मग म्हणाला की त्याला यावर विचार करायला लागेल. विचार करायला तो घरी गेला आणि येताना मेपलचा रस गोळा करायची बादली भरून खडी घेऊन आला. ओतली. कुंपणाशी जाऊन ओळीतला एक डावा बूट निवडला, काखोटीला मारला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी काम सुटल्यावर एक बादली, एक बूट.

सगळेच काही ऐकणारे नव्हते. एकाने तळ्याकाठचे सुरेख गोल गोटे आणले. वर्नांनी एक उचलून परत त्याच्या हातावर ठेवला. गोल दगड एकमेकांना धरत नाहीत, त्यांना गाडीखालून पळायचं असतं, हे लाइलने शिकवलेलं आता त्या सगळ्यांना शिकवत होत्या. पाद्रीबुवा माशांच्या टाकीतले निळे खडे घेऊन आले. त्यांना वर्नांनी कॉफी दिली आणि पाठवून दिलं. एक जोडपं मुलाच्या ढकलगाडीत एकच मोठा धोंडा घालून आलं. मूल कडेवर होतं.

खडी खालून वर सरकत आली. लाइलने नियम घातला होता की पडलेल्या खडीवर उभं राहूनच पुढची ओतायची, कापडावर पाय नाही. खडी पुढे आली की एक गोधडी उचलायची, तिच्या काठावरची वस्तू द्यायची. म्हणजे वाट जसजशी वाढली तसतसे मेरिट कमी होत गेले.

हे लाइलला आधी दिसलं नाही. तो दाताळं घेऊन मान खाली घालून काम करत होता. मग एके दुपारी मेरिटचा मासे धरायचा गळ कुणाच्या तरी गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकावताना त्याने पाहिला, आणि तो दाताळं टेकून उभा राहिला.

"मा, बाबांचं काहीच राहणार नाही," तो म्हणाला.

वर्ना ओसरीवर बसल्या होत्या. मेरिटचा लोकरी कोट अंगात, जो त्या जानेवारीपासून घरातही घालायच्या.

"तुला तो घरी यायला हवाय ना?"

"हवाय."

"मग दोन्ही नाही जमायचं, लाइल."

लाइलने दाताळं बाजूला ठेवलं. मग त्याने पुढची बादली घेतली. मी आत गेले आणि मेरिटचा चष्मा, जो खिडकीत पडलेला असायचा, माझ्या शिवणाच्या डब्यात टाकला. हे मी कुणाला सांगितलं नाही.

जाड खडी दाराच्या जवळ आली आणि कोठार संपलं. खरंच संपलं, इतकी वर्षं आत जाता येत नव्हतं त्या कोठारात आता ओपल हाका मारून प्रतिध्वनी ऐकत होती. उरलं होतं पायरीपुढचं थोडंसं काळं कापड, दोन पावलांत ओलांडता येईल इतकंच. त्या संध्याकाळी खालच्या गोठ्यात काम करणारा एक तरुण पिकअप घेऊन आला. मागे खडी होती. द्यायला काही उरलं नाही, मी त्याला सांगायला गेले. असू दे म्हणाला आणि फावडं घेतलं.

वर्ना उठल्या. कोट काढला, खिशातून रुमाल, शेंगदाणे आणि मेरिटची एक पेन्सिल काढून घेतली, आणि कोट त्याच्या खांद्यावर टाकला. त्याला तो फार मोठा होता. "बाह्या दुमडायच्या," वर्ना म्हणाल्या. "तोही दुमडायचा." त्या आत आल्या तेव्हा किती लहान दिसल्या. मी शेगडीत एक लाकूड जास्तीचं घातलं.

मग बारीक खडी आणि कच, ते लोकांनी असंच आणून टाकलं. लाइलने धुम्मस, म्हणजे जमीन ठोकून बसवायचं यंत्र, आणून वाट दाबली. घरातल्या बशा फळीवर नाचत होत्या आणि बाळ तेव्हा जितकं गाढ झोपलं तितकं त्याआधी कधी झोपलं नाही. मधे थोडी उंच, कडांना उतार, पाणी दोन्हीकडे निघून जावं अशी ती राखाडी वाट पूर्ण झाली तेव्हा लाइल टपालपेटीपासून दारापर्यंत चालत आला. परत खाली गेला. परत वर आला. बुटांना काही लागलं नव्हतं, तरी सवयीने त्याने पायरीवर ते आपटले.

स्मृतिदिनाच्या आदल्या आठवड्यात पेल्टियर मेरिटना घेऊन आले. टपालपेटीशी थांबून उतरले, काळ्या चकचकीत बुटाने खडी दाबून बघितली. पलीकडे रस्त्यावर क्लेटन ट्रॅक्टरवर बसला होता, इंजिन बंद. साखळी त्याने सीटखाली ठेवली होती, दिसू नये म्हणून. ती दिसत होती. वाटेच्या दोन्ही कडांना गाव उभं होतं, आणि बऱ्याच जणांनी आपापली वस्तू आणली होती. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी कंदील, कुणी बदक. एकाने रेडिओ.

शववाहिका वळली आणि चढायला लागली. खडी चाकाखाली कुरकुरत होती, एवढाच आवाज. लाइल शेजारून चालत होता, एक हात गाडीवर, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मधल्या खोलगट भागात, जिथे दर वर्षी सगळं थांबायचं, तिथे पेल्टियरनी गाडी जरा हळू केली आणि मला वाटतं सगळ्यांनीच श्वास धरला. गाडी पुढे गेली. दारापुढे येऊन थांबली. लाइलने मागे वळून खाली बघितलं. क्लेटनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिथून वर टेकडीपर्यंत खांद्यावरून. क्लेटन पुढच्या बाजूला होता. मेपलच्या झाडांखाली जमीन मऊ होती, खड्डा नीट खणला गेला होता. वर्नांनी पेन्सिल आत टाकली.

आम्ही खाली आलो तेव्हा पेल्टियर गाडी वळवायला निघाले होते. आणि इतके दिवस, इतक्या बादल्यांमध्ये, गाडी वळवायला जागा ठेवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पेल्टियरनी गवतावर चाक घातलं. गाडी हळूच, अगदी अदबीने, स्वतःच्या दारांपर्यंत चिखलात गेली.

मग खाली रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि वर्ना हसायला लागल्या. पायरीवर बसल्या आणि हसतच राहिल्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यांच्या शेजारी लाइल बसला आणि तोही. सगळं अंगण हसत होतं. बाळाला काही कळलं नाही, पण तेही हसलं.

ओपल तेवढी हसत नव्हती. ती माझा स्कर्ट धरून उभी होती. तिने शववाहिकेकडे बघितलं, मग दाराकडे, मग वर टेकडीकडे. दार तिनेच सकाळपासून उघडं ठेवलं होतं, खाली दगड लावून.

"ममा," ती म्हणाली, "ग्रॅम्प दारापर्यंत आले होते ना? मग आत का नाही आले?"